जुनं कोकणी घर परसाकडे वाढवायचं, तर आधी छप्पर बघा

मुंबई-पुण्याहून गणपतीला आलेल्या मंडळींची एक ठरलेली सूचना असते : मागची भिंत पाडू, तिथे वरपासून खालपर्यंत काच लावू, म्हणजे चहा घेताना आगर दिसेल. इच्छा वाईट नाही. माजघर अंधारं, स्वयंपाकघर धुरकट, मागच्या पडवीत सरपण, सोलणे, नारळांची रास आणि एक मोडकी खुर्ची; आणि दाराबाहेर पोफळी, जायफळ, केळी, विहीर असं सगळं वैभव. ते घरात यावंसं वाटणारच. पण हे घर लाकडाच्या सांगाड्यावर उभं आहे, वर कौलं आहेत आणि जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा घराच्या बाबतीत भिंतीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. पहिला विचार छपराच्या उताराचा.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या घराला चिकटवून खोली काढू नये. जोत्यापासून नऊ-दहा फूट सोडून परसात स्वतःच्या खांबांवर उभी राहणारी उघडी पडवी बांधावी आणि मागच्या दारातून अरुंद छपरी वाटेने ती जोडावी. या लेखात तिला ‘तुटक पडवी’ म्हणू. जुन्या घरावर नवा भार पडत नाही, मधला उजेड जात नाही आणि पुढेमागे काही बिघडलं तर दुरुस्ती नव्या भागापुरती राहते.

जुलैत घर बघा

नकाशा काढायच्या आधी एका धुवाधार दिवशी घराभोवती फिरा. मे महिन्यात घर बघून घेतलेले निर्णय जुलैत रडवतात. पागोळ्या कुठे पडतात ते वळचणीखाली वाकून बघा : जांभ्याच्या चिऱ्यांवर वर्षानुवर्षांच्या थेंबांनी एका रांगेत लहान लहान वाट्यांसारखे खड्डे पडलेले असतात. ती रांग म्हणजे जुन्या छपराची हद्द, आणि नवा चर तिथूनच जाणार. भिंत कुठवर भिजते, झड कोणत्या बाजूने येते, शेजारच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) पाणी कुठे शिरतं, विहिरीकडचा उतार कसा आहे, हे सगळं बघून खडूने किंवा रंगाने खुणा करून ठेवा. फोनमध्ये फोटो काढलेत तर आणखी बरं, कारण दिवाळीनंतर गवंडी येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि कोणालाच काही आठवत नसतं.

किनाऱ्यावरच्या गावांत एक जास्तीची अडचण आहे. गुहागर किंवा दिवेआगरसारख्या गावात रस्ता, मग घर, घराच्या मागे आगर, त्यापुढे सुरूची झाडं, वाळूची पुळण आणि समुद्र असा क्रम बऱ्याच घरांना आहे. म्हणजे ज्या बाजूला बाग, त्याच बाजूने म्हणजे पश्चिमेकडून पावसाळी वारा. आपल्या पूर्वजांनी तिकडे लहान खिडक्या आणि खाली उतरलेली वळचण ठेवली ती उगीच नाही. जी बाजू उघडायची आहे तीच झोडपली जाणार आहे, हे गृहीत धरूनच पुढचं सगळं ठरवायचं.

कागद

गणपतीला सगळे भाऊबंद एकत्र असतात तेव्हाच विषय काढावा. घर आजोबांच्या नावावर, सातबारावर पंधरा नावं, त्यातली चार मुंबईत आणि एक परदेशात, हे आपल्याकडे नेहमीचं. सामाईक जागेत एकट्याने जोतं घातलं की पुढच्या पिढीला वाद आंदण मिळतो. सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा काढा, आणि बांधकाम परवानगीची चौकशी ग्रामपंचायतीपासून सुरू करा. जागा गावठाणाबाहेर असेल तर काम तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाईल.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी क्षेत्रातल्या बांधकामाचे, नियम बघितल्याशिवाय कुदळ मारू नका. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र धरला जातो. २०११ च्या जनगणनेत लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असलेल्या भागात तो ५० मीटर आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे त्याच जोत्याच्या क्षेत्रफळात. तुमचं घर त्यात येत असेल तर तुटक पडवीचा विचार सोडा. आहे ती मागची पडवी मोकळी करून, तिच्या आडभिंती काढून, तिथेच बसायची जागा करा. त्यानेही घर बरंच बदलतं.

झाडांचंही असंच. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखालची झाडं आहेत. आपल्याच परसातला फणस तोडून त्याचे खांब करायचे असले तरी वनखात्याची परवानगी लागते.

सांगाडा ठोकून बघा

तुटक पडवीचा भार जुन्या घरावर येत नसला तरी मागची बाजू तपासायलाच हवी. कुजक्या पडवीला नवी वाट जोडण्यात अर्थ नाही.

आधी घर कशावर उभं आहे ते समजून घ्या. काही घरांत पाट, म्हणजे छपराचा भार घेणारी आडवी तुळई, खांबांवर टेकलेला असतो आणि मातीची भिंत नुसती आडोशाची असते. काही घरांत खांब फक्त ओटीवर, मागे मात्र पाट थेट जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर. माळ्यावर चढून, बॅटरी मारून, पाटाखाली काय आहे ते डोळ्यांनी बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भागत नाही, कारण मधल्या काळात कोणीतरी खांब काढलेला असतो.

मग लाकूड. खांबाचं बूड, पाटाची भिंतीत गेलेली टोकं आणि वळचणीकडची वाशांची टोकं या तीन जागी रोग लागतो. मधलं लाकूड बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. जाणता सुतार हातोडीच्या दांड्याने खालून वर ठोकत जातो. भरीव लाकूड खणखणीत वाजतं. तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, आवाज एकदम भद्द झाला की तिथे टोच्या घालून बघायचं. टोच्या अर्धा इंच सहज आत गेला तर बूड गेलं. खांबाच्या पायाशी पिठासारखा बारीक भुसा दिसला तर भुंगा, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. भुसा झाडून टाका आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. परत पडला तर किडा आत जिवंत आहे.

बूड कुजलेला खांब सगळाच बदलायची गरज नसते. वर टेकू देऊन, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या लांब सांध्याने जोडता येतो. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी असावी. टेकू मात्र आधी. टेकू न देता खांबाला करवत लावणारा सुतार घरात घेऊ नका, तो कितीही स्वस्त असो.

वाळवीचं औषध मारताना विहिरीचं भान ठेवा. जमिनीत सोडायची कीटकनाशकं जांभ्याच्या फटींतून कुठे झिरपतील सांगता येत नाही. विहीर जवळ असेल तर जमिनीत औषध सोडायचं टाळा. वाळवीच्या वाटा मोडा, लाकूड मातीपासून तोडा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी फक्त लाकडाला द्या. तेही घराच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला. पावसात ते धुऊन जातं. बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे पूर्वापार चालतं आणि चांगलं टिकतं. पण ते अंगाला लागलं तर कातडी भाजून निघते, म्हणून हातमोजे हवेतच.

उताराचं गणित

बहुतेक घरं इथे फसतात. मंगलोरी कौलाला दर दोन फुटांना एक फूट एवढा उतार तरी लागतो. कमी केला की वाऱ्याच्या जोराने पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं चढतं आणि आत ठिबकतं. मागच्या पडवीची वळचण घरातल्या जमिनीपासून साडेसहा फुटांवर आहे आणि परस जोत्यापेक्षा दोन फूट खाली आहे असं धरा. आता तेच छप्पर दहा फूट पुढे ओढलं तर वळचण पाच फूट खाली येईल. म्हणजे जुन्या जमिनीपासून दीड फूट, आणि जमीन परसाच्या पातळीला नेली तरी साडेतीन फूट. तिथे कोंबड्या राहतील. चार फूटच पुढे नेलं आणि जमीन दोन पायऱ्यांनी परसाच्या पातळीला आणली, तर कशीबशी साडेसहा फूट उंची मिळते. आहे तो उतार पुढे ओढण्याची मर्यादा एवढीच.

यावर दोन पळवाटा काढल्या जातात. एक, उतार मध्येच मोडून पुढे कमी उताराचा पत्रा टाकणे. जुन्या छपराचं सगळं पाणी त्या मोडावर आदळतं आणि पहिली गळती तिथेच लागते. दुसरी, नव्या खोलीचं उंच छप्पर जुन्या छपरात घुसवणे. मग दोन छपरांच्या मध्ये एक पन्हळ तयार होते, तिच्यात फणसाची, आंब्याची पानं साचतात आणि एका रात्रीच्या पावसात ती तुंबून पाणी माजघरात उतरतं. पाण्याचा हिशेब करून बघा : ३० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३,००० लिटर पाणी खाली येतं. असे दिवस आपल्याकडे जुलैत विरळ नसतात. एवढं पाणी मधल्या पन्हळीच्या भरवशावर सोडायचं आणि दर दोन तासांनी शिडी लावून पानं काढायला मुंबईहून कोण येणार?

तुटक पडवीत हा प्रश्नच येत नाही. जुनं छप्पर आपलं पाणी पूर्वीसारखं मधल्या मोकळ्या जागेत टाकतं, नवं छप्पर आपलं. दोन वळचणींच्या मध्ये निदान चार फूट आभाळ दिसलं पाहिजे. जुनी वळचण भिंतीच्या पुढे अडीच फूट, नवी वळचण खांबाच्या पुढे तेवढीच किंवा थोडी जास्त, म्हणून जोत्यापासून खांबापर्यंत नऊ-दहा फूट. या जागेचा छोटा चौक होतो. माजघराला आणि स्वयंपाकघराला आज जो थोडाफार उजेड मिळतो तो तसाच राहतो. चिकटवून पडवी काढलेल्या घरांत दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो.

जोडवाट चार फूट रुंद पुरे. तिचं छप्पर जुन्या वळचणीच्या तीन-चार इंच खालून, फूटभर आत सरकवायचं. जुन्या वाशांना, पाटाला कुठेही खिळा मारायचा नाही. परसाच्या पातळीपासून जुनी वळचण साडेआठ फुटांवर असल्याने, वाटेचं जोतं फूटभर ठेवून दोन पायऱ्या उतरल्या की डोक्यावर साडेसहा फूट मिळतात. इथे कौलांचा हट्ट धरू नये. कमी उतारावर चालणारा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, तो खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्यापेक्षा टिकतो. पावसात वाजेल, पण वाट काही बसायची जागा नव्हे. जुन्या छपराच्या पागोळ्या या पत्र्यावर पडू नयेत म्हणून तेवढ्याच भागापुरती जुन्या वळचणीला पन्हळ लावा आणि तिचं पाणी चौकात सोडा.

पाया

कातळावर घर असेल तर पाया सोपा : वरची माती काढून, कातळ सपाट करून, थेट जांभ्याचं जोतं. आगरातल्या पुळणीच्या जमिनीत वेगळं. तिथे खोल जाण्यापेक्षा रुंद जा, प्रत्येक खांबाखाली काँक्रीटची पसरट बैठक द्या आणि सगळ्या बैठका जमिनीलगतच्या पट्ट्याने एकमेकींशी बांधून घ्या. मळईच्या, पावसात फुगणाऱ्या जमिनीत अभियंत्याला विचारल्याशिवाय काही करू नये.

जोडवाटेचे जुन्या जोत्याजवळचे खांब जोत्यापासून निदान दोन फूट दूर ठेवा, आणि त्यांचे खड्डे जुन्या पायापेक्षा खोल नेऊ नका. जुनी जोती मातीच्या चिखलात रचलेली असतात. शेजारी खड्डा खणून एक पाऊस गेला की दगड सरकतात.

काँक्रीटला खाडीची वाळू वापरू नका. धुतली आहे असं सगळेच सांगतात. मिठामुळे आतली सळी गंजते, गंज फुगतो आणि काही वर्षांत काँक्रीट तडकून पोपडे निघतात. किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकात कमीत कमी एम ३० दर्जा आणि सळीवर ४५ मिलिमीटर आच्छादन सांगितलं आहे. गावाकडचा ठेकेदार सळीखाली इंचभर दगड ठेवून मोकळा होतो, तेव्हा ओतकामाच्या दिवशी स्वतः हजर राहा, नाहीतर भरवशाचा माणूस उभा करा.

लाकूड आणि सांधे

नव्या खांबांना साग परवडला तर उत्तम. नाहीतर ऐन, किंजळ; फणसाचं लाकूड आतल्या कामाला, फळ्यांना, चौकटींना छान दिसतं. माझी पसंती पाडलेल्या घरांच्या जुन्या लाकडाला आहे. ते पन्नास-साठ वर्षं सुकलेलं असतं, त्यामुळे पुन्हा वाकत-पिळत नाही. घेताना जुन्या सांध्यांच्या खाचा, खिळ्यांची भोकं आणि टोकं बघून घ्या, आणि कापायच्या आधी सगळे खिळे काढून घ्या, नाहीतर गिरणीवाला पातं मोडल्याचे पैसे लावतो. ताजं लाकूड घ्यायचं तर निदान एक उन्हाळा आधी चिरून, सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवावं.

बारा बाय सोळा फुटांच्या पडवीला सहा खांब, पाच ते सहा इंच चौरस, अंतर सात-आठ फूट, हा आपल्याकडचा नेहमीचा अंदाज. रिपा (कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या) आणि मंगलोरी कौलं मिळून छपराचा भार चौरस मीटरला साधारण पासष्ट किलो धरतात, त्यात वाशा-पाटांचं वजन आणि वारा वेगळा. म्हणून सुताराने सांगितलेली मापं एकदा अभियंत्याला दाखवा. तासाभराचं काम आहे.

पाट आणि खांबाचा सांधा साल-कुसूचा, म्हणजे एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसणारा, असावा आणि त्याला लाकडी खुंटी. ज्या ठिकाणी धातू लागेल तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. साधे खिळे समुद्राच्या हवेत गंजतात, फुगतात, लाकूड फोडतात आणि सागावर काळे डाग पाडतात. महाग वाटेल, पण सगळ्या पडवीला लागणारे बोल्ट एका पिशवीत मावतात.

खांबाचं बूड ओलं राहिलं की कुजणारच. दगडी तळखडा जमिनीपासून सहा-आठ इंच वर घ्या, त्याचा माथा मध्यभागी किंचित उंच ठेवा म्हणजे पाणी निथळेल. खांब आणि दगडामध्ये शिशाचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा. खांबाच्या बुडाला, म्हणजे कापलेल्या आडव्या तोंडाला, उभं करण्याआधी तीन-चार वेळा तेल पाजा. नंतर ते तोंड कधीच दिसणार नाही.

वारा, कौलं आणि वानर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तिथपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौलं, पत्रे आणि पोफळी यांचं काय झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना जास्त सांगायला नको. बंद घराचं छप्पर वजनावर तगून राहतं. उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. त्यामुळे बांधणी पायापासून आढ्यापर्यंत सलग हवी : बैठकीत रोवलेल्या दोन स्टेनलेस पट्ट्या खांबाच्या दोन बाजूंना बोल्टने कसलेल्या, खांब पाटाला, पाट प्रत्येक वाशाला पट्टीने बांधलेला. तळखड्यावर नुसता टेकवलेला खांब जुन्या घरात चालून गेला, कारण त्याच्यावर सगळ्या घराचं ओझं होतं.

छप्पर चौपाखी करा. दुपाखी छपराच्या दोन उघड्या त्रिकोणांतून झडही शिरते आणि वाराही. पश्चिमेकडची वळचण खांबाच्या पुढे साडेतीन ते चार फूट काढा आणि तिची कड जमिनीपासून सात फुटांच्या आत ठेवा. त्याहून उंच वळचण फोटोत चांगली दिसते, पण खुर्च्या भिजतात.

शंभर चौरस फुटांना सव्वाशे ते दीडशे मंगलोरी कौलं लागतात, थोडी जास्तीची घेऊन ठेवा. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. तुमच्या कौलांची दोन-तीन जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा आणि मोजा. प्रत्येक कारखान्याचं माप थोडं वेगळं असतं. वळचणीकडच्या दोन ओळी आणि कोनांवरची कौलं तारेने रिपांना बांधा. आढ्याची आणि कोनांची कौलं चुन्याच्या मसाल्यात बसवा, सिमेंट तिथे लवकर तडकतं. दोन-तीन काचेची कौलं माजघराच्या जुन्या छपरात घाला. एवढ्याशा खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

राहता राहिले वानर. त्यांच्यामुळेच अर्ध्या कोकणाने कौलं काढून पत्रे घातले, हे मान्य करायला हवं. घर वर्षातले दहा महिने बंद असेल तर मीही नव्या पडवीला पत्रा घालून वर कौलं मांडा असंच सांगेन. एखादं कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही. घरात माणूस राहत असेल तर छपरावर झुकलेल्या फांद्या दर मे महिन्यात तोडायच्या, आणि माडापासून पडवी अशी लांब ठेवायची की नारळ किंवा वाळली झावळी थेट छपरावर येणार नाही.

भिंत आणि दार

आता भिंत. मागचं दार आहे ते पुरेसं असतं. आणखी मोकळं हवं असेल तर एखाद्या खिडकीचं दार करा : चौकटीच्या वरची फळी आणि रुंदी तशीच ठेवून फक्त खालचा भाग जमिनीपर्यंत उतरवायचा. वरच्या भाराच्या वाटेला आपण हात लावत नाही. याहून मोठं भगदाड पाडायचं तर टेकू, नवी तुळई आणि अभियंता हे तिन्ही हवेत, आणि भिंत मातीची असेल तर माझा सल्ला नको असाच आहे.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका. आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून मातीसकट सुटतो. त्याऐवजी चुन्याचा गिलावा : चुना एक भाग, वाळू तीन भाग, आणि सुकताना रोज पाणी. नव्या कामातला जांभा उघडाच ठेवा, फक्त चिऱ्यांमधल्या दरजा नीट भरा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून टणक होत जातो, म्हणून तासकाम आधी उरकावं.

उघडी बाजू

सरकत्या काचेच्या दारांचा मोह टाळा. त्यांच्या खालच्या खोबणीत वाळू आणि मीठ साचतं, चाकं बसतात आणि दार दोघांनी ढकलावं लागतं. बागेकडची बाजू मोकळी ठेवा, खांबांच्या मध्ये दीड फूट उंच जांभ्याचे कट्टे घाला. कुलूप लागणारी हद्द जुनं मागचं दारच राहू दे. तुटक पडवीचा हाही एक फायदा.

पावसाळ्यासाठी पश्चिमेला झडप लागेलच. पूर्वी झावळ्यांची झापं विणून बांधत, अजूनही बांधता येतात, पण विणणारे हात कमी झाले. बांबूच्या चटया लाकडी चौकटीत बसवून घ्या आणि पाटाला आकड्यांनी अडकवता येतील अशा करा. मे अखेरीस लावायच्या, दसऱ्याला काढायच्या. चक्रीवादळाची सूचना आली तर मात्र त्या उतरवाव्यात. वारा अडवण्यापेक्षा आरपार जाऊ दिलेला बरा.

जमीन, पाणी, झाडं

जमिनीला लाल कोबा किंवा खरबरीत शहाबादी. गुळगुळीत टाइल ओल्या पायांना घातक आहे. आठ फुटांना एक इंच बाहेरच्या बाजूला उतार द्या. पागोळ्यांच्या रेषेत दीड फूट रुंद चर खणून त्यात मोठी खडी भरा, म्हणजे चिखल उडून जोत्यावर आणि खांबांवर बसणार नाही. चौकातलं पाणी जोत्याकडे न वळता केळीच्या, अळवाच्या वाफ्यांकडे गेलं पाहिजे. शोषखड्डा किंवा संडासाची टाकी याच कामात उरकायची असेल तर ती विहिरीपासून साठ फूट तरी लांब. कातळात घाण पाणी गाळलं जात नाही, फटीतून सरळ धावतं.

जोत्यालगत मोठी झाडं नकोत. चौकात अनंत, मोगरा, फार तर एखादी पोफळ. पडवीच्या खांबांवर मिरीचा वेल चढवायची कल्पना सुंदर आहे, पण वेलाखाली लाकूड ओलं राहतं. वेल शेजारच्या पोफळीवर चढवा. सरपण, करवंट्या, सोडणं, पाचोळा भिंतीला लागून रचू नका. फुरसं (विषारी साप) तिथेच बसतं. जोडवाटेवर रात्रभर एक लहान दिवा असावा, बटणं आणि सॉकेट छातीच्या उंचीवर, आणि या भागाला वेगळं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच.

कामाचा क्रम

दिवाळीनंतर कागद आणि लाकूड. डिसेंबर-जानेवारीत जुन्या सांगाड्याची दुरुस्ती, त्याच वेळी पाया. शिमग्याला आठवडाभर कोणी कामावर येणार नाही, तो खाडा आधीच धरून चाला. खांब-पाट शिमग्याआधी उभे राहिले तर एप्रिलमध्ये कौलं चढतात. त्याच माणसांकडून जुन्या घराची कौलंही परतून घ्या. १५ मेनंतर छपराचं काहीही उघडं ठेवू नका, वळवाच्या सरी कोणाला विचारून येत नाहीत. चौकातली लागवड मात्र मृगाच्या पहिल्या पावसानंतर.

पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा एकदा फिरा : जोडवाटेचा पत्रा जुन्या वळचणीखाली जिथे शिरतो तो सांधा, तळखड्यांचे माथे, चराचं तोंड. ऑक्टोबरात सगळे बोल्ट एकदा आवळा, कारण पहिल्या वर्षी लाकूड आकसतं. बाहेरच्या लाकडाला तेलाचा पुढचा हात दिवाळीनंतर, ते पुरतं सुकल्यावर द्या.